आबांच्या हातचा पेला

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना गेणूची बोटं थरथरली. कुणी पाहिलं की काय म्हणून त्याने मान वर करून मंडपभर नजर फिरवली. कुणाचं लक्ष नव्हतं. टाकवे बुद्रुकच्या सप्ताहाचा तो शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन दहाला उभं राहायचं होतं आणि मंडपात ज्याची त्याची लगबग चालली होती. मागच्या चुलाणावरून आमटीचा वास येत होता, माइकवाला सुरज तिसऱ्यांदा ‘हॅलो, हॅलो’ करत होता, टाळकरी उपरणी सावरून उभे होते. फक्त बायकांच्या बाजूला खांबाला टेकलेली नंदाबाई, गेणूची बायको, त्याच्या बोटांकडे बघत होती. तिने नजर काढून घेतली, पण जरा उशिराच.

त्रेपन्न दिवस. दारू सोडून त्रेपन्न दिवस झाले होते, आणि गावाच्या मंडपात मृदंगावर बसून आठ वर्षं.

“बसला का गेणूशेट?” मागून कुणीतरी म्हणालं. “मृदंगाला टेकून बसा म्हनावं, मंजी दोगं बी पडायचं न्हाई.”

हसणारे हसले. गेणूही हसला. असं बोलणारी माणसं त्याला बरी वाटायची. न बोलता बघणाऱ्यांचं त्याला ओझं व्हायचं. शेजारी बसलेला पवन, म्हणजे गेली आठ वर्षं त्याच्या जागेवर वाजवणारा पोरगेला मृदंगवाला, त्याने गादी थोडी त्याच्याकडे सरकवली. सीतारामआबांनीच पवनला सांगितलं होतं, काल्याला गेणू बसंल म्हणून. आबांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आणि सप्ताहाचे सातही दिवस आपल्या पहाऱ्याला आणि शेवटी काल्याच्या कीर्तनाला आबांच्या गळ्यात वीणा. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आबांच्या गळ्यात ती असली की गेणूला वाटायचं, आता सगळं नीट होईल.

महाराज उभे राहिले. नामाचा गजर सुरू झाला. गेणूने पहिली थाप मारली आणि मृदंगाने ओळखीच्या माणसासारखी ओ दिली. देवाची कृपा अशी असते. आठ वर्षं पाठ फिरवलेल्या माणसालाही ती आधी जवळ बसवून घेते, विचारायचं ते मागून विचारते. बोटं सैल झाली. अर्धा तास गेणू वाजवत होता आणि त्या अर्ध्या तासात त्याला दारूची एकदाही आठवण झाली नाही.

मग महाराज डोहापाशी आले.

काल्याच्या कीर्तनात देवाचं बाळपण येतं, आणि बाळपण आलं की यमुनेचा डोह येतोच. गेणूने हे लहानपणापासून ऐकलेलं. पण हे महाराज पवना नदीकडचे, सांगण्याची हातोटी अशी की ऐकणाऱ्याच्या अंगावर पाणी उडावं. “चेंडू गेला डोहात,” ते म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आणला. “गडी म्हणतात, कान्हा, राहू दे. तिथं गेलेलं कुणी माघारी आलं नाही. पण देव उतरला. खाली गेला. आणखी खाली. माउली, तळाशी काय होतं? उजेड नव्हता. स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता. आणि त्या अंधारात काहीतरी त्याच्या अंगाला लागलं…”

गेणूचा उजवा हात मृदंगावर उतरलाच नाही.

एकच मात्रा चुकली. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं, महाराजांनी नुसतं वळून पाहिलं. पण गेणूच्या मनगटाभोवती ते परत आलं होतं. गार, मऊ, चार बोटांचं आणि एका अंगठ्याचं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गेणू तेव्हा एकोणतीस वर्षांचा, आंदर मावळात त्याच्यासारखा पोहणारा नाही असं लोक म्हणायचे. धरणाच्या फुगवट्यात फिरायला आलेलं एक पोरगं बुडालं. पोलीस सरळ गेणूच्या वावरात आले. गेणू गेला, बुडी मारली, मढं काढलं. काठावर आला तेव्हा तो लटलट कापत होता. उन्हाळ्याचे दिवस, वर सूर्य, आणि याचे दात वाजताहेत. तेव्हा सीतारामआबा पुढे आले. जन्मात थेंबाला न शिवलेला माळकरी माणूस, पण धोतराच्या सोग्यात धरून, अंग चोरत, त्यांनी कुणाकडून तरी क्वार्टर आणवली होती. स्टीलच्या पेल्यात ओतून त्यांनी पेला गेणूच्या ओठाला लावला. “घे लेकरा. पाण्यातनं मढं काढलंस. कोरडा घरी जाऊ नगंस, ते मागं येतं.” गावाची ती रीतच होती. आबांच्या वडिलांनीही कुणाला तरी असाच पेला लावला होता. पाजून झाल्यावर आबांनी नदीवर जाऊन आंघोळ केली, माळ धुतली.

त्यानंतर दरवर्षी तीन-चार वेळा गेणूला बोलावणं यायचं. दर वेळी पेला. मग मढं नसलं तरी पेला. मग पेलाही लागेनासा झाला, बाटली पुरे व्हायची. भात आवणायच्या, लावणीच्या दिवसांत गेणू बांधावर पडलेला असायचा आणि नंदाबाई मजुरांबरोबर गुडघाभर चिखलात. मृदंग खुंटीवरून उतरून पोटमाळ्यावर गेला.

तळेगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याला दाखल केलं तेव्हा तो शिव्या खायच्या तयारीने गेला होता. तिथे कामशेतच्या यशोधराताई होत्या, समुपदेशक. त्यांनी दारू का पिता असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “भाऊ, पहिला घोट कुठे घेतलात? आणि त्याच्या आधीचा अर्धा तास काय चाललं होतं?”

चार आठवडे गेणू त्या अर्ध्या तासाच्या भोवतीने फिरत राहिला. पाचव्या आठवड्यात सांगितलं. सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, “हे बारा वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?”

“तसलं बोलू न्हाई म्हंत्यात.”

“तुम्हाला तेव्हा बोलायला माणूस हवं होतं, भाऊ. मिळाला पेला. देणाऱ्याने वाईट चिंतून दिला नाही, पण मिळाला तो पेलाच.”

मंडपात महाराज डोहातून वर आले होते. गजर पुन्हा चढला. गेणू वाजवत होता, पण त्याच्या जिभेखाली पाणी सुटलं होतं आणि घसा कोरडा पडला होता. दोन्ही एकाच वेळी. अशा वेळी काय करायचं ते ताईंनी शिकवलं होतं: आपलं माणूस शोधायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याने आबांकडे बघितलं.

वीणा दुसऱ्याच्याच गळ्यात होती.

आबा पहाऱ्यावर नव्हते. टाळकऱ्यांत नव्हते. काल्याचं कीर्तन सोडून आबा उठून गेले, असं गेणूच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. नंदाबाईने पदर तोंडाशी धरला होता आणि ती मुद्दाम महाराजांकडे बघत होती.

गजर भरात असताना गेणूने पवनच्या गुडघ्याला कोपर लावलं. “ये हिकडं. धर.”

“भाऊ, आत्ता? आवो मधीच…”

“धर म्हन्लं ना.”

पवन सरकला, थाप न चुकता त्याने मृदंग घेतला, आणि गेणू वाकून गर्दीतून मंडपाच्या मागे आला. पाठीवर गावाचे डोळे होते. आठ वर्षांनी बसला आणि अर्धं कीर्तन टाकून उठला, आता कुठं चाललाय ते सांगायला लागत न्हाई, असं तो न ऐकताही ऐकत होता. चुलाणाच्या आडोशाला नंदाबाई त्याच्या मागोमाग आलीच.

“आबा कुटं हायेत?”

“उन्हाचं घरी गेलं आसतील.”

“नंदे, इना दुसऱ्याच्या गळ्यात हाय.”

तेव्हा ती म्हणाली, “सत्यम धरनावर गेलाय. आठ वाजता फोन आलता. पुन्याची पोरं आलती, त्यातलं एक बुडालं. तुमच्याच फोनवर आलता, मी उचलला.”

सत्यम म्हणजे गेणूचा धाकटा भाऊ, सव्वीस वर्षांचा, नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कामाला. पोहायला गेणूनेच शिकवलेला.

“मला का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं आसतं तर मृदंगावर बसला आसता का? सात दिस मी देवाला येकच मागत हुते, ह्यास्नी काला वाजवू दे.” तिने पदराने तोंड टिपलं. “तुमी आता जात न्हाई, तर त्यो म्हनला मी जातो. कुनीतरी जायाच पायजे.”

“आनि आबा?”

“मघाशी निरोप आला, घावलं म्हून. तवा गेलं.” मग तिने हळूच सांगितलं, “पिशवी घिऊन.”

पिशवीत काय, हे विचारायची गेणूला गरज नव्हती. तो तसाच माइकच्या टेबलापाशी गेला आणि सुरजपुढे हात पसरला. “गाडीची चावी दे.”

सुरजने हेडफोन कानावरून खाली घेतला. “देतो की. पन गेणूभाऊ, कामशेताच्या बाजूला न्हाई ना जायाचं? तितलं दुकान उगडं आसतंय ह्या टायमाला.”

“मी हाय मागं बसाया,” नंदाबाई म्हणाली, आणि पदर कमरेला खोचून ती गाडीपाशी जाऊन उभीसुद्धा राहिली.

वाटेवर दोन्ही अंगांना भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे तुकडे होते. ऊन तापलं होतं. गेणू गाडी जोरात हाकत होता, खड्डा आला तरी वेग मोडत नव्हता, आणि नंदाबाई एका हाताने त्याचा सदरा गच्च धरून होती. पहिल्या मैलभर त्याच्या मनात फक्त सत्यम होता. मग पिशवी आली. प्लास्टिकची असेल, आत कागदात गुंडाळलेली बाटली असेल, तिचं बूच आता फुटलं असेल. त्याला बूच फुटल्याचा आवाज ऐकू आला. आपण सत्यमसाठी निघालोय की त्या पिशवीसाठी, हे त्याचं त्यालाच कळेना. त्याने गाडी आणखी पळवली, आणि पळवतोय ते कशासाठी हेही कळेना.

“कशाला येवढ्या घाईनं?” नंदाबाई त्याच्या कानाशी म्हणाली.

“माझं मलाच ठाऊक न्हाई,” तो म्हणाला. खरं बोलल्याने त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तिने सदऱ्यावरची पकड आणखी घट्ट केली.

फुगवट्याचं पाणी उन्हाळ्याने बरंच मागे हटलं होतं. भेगाळलेल्या गाळावर पोलिसांची जीप, एक रुग्णवाहिका, चादरीखाली झाकलेलं ते, आणि त्याच्यापासून लांब एकमेकांना धरून बसलेली तीन पोरं. त्यांच्यातला एक सारखा फोन लावत होता आणि लागला की तोडत होता. जांभळीच्या सावलीत दगडावर सत्यम ओल्या चड्डीवर बसला होता, खांद्यावर टॉवेल. शेजारी आबा उकिडवे. सत्यमच्या हातात स्टीलचा पेला होता, आणि त्याची कड त्याच्या दातांवर वाजत होती.

गेणूला बघून आबांनी चटकन पिशवी पाठीमागे घेतली. “आलास? कीर्तन सोडून आलास व्हय?” आणि मग मायेने, “हिकडं नगं येऊ लेकरा, पलीकडं थांब. तुझ्या म्होरं ही न्हाई काढनार मी.”

वारा गेणूच्या बाजूने होता. तो वास त्याच्या नाकात शिरला आणि सगळं शरीर त्या दिशेने कललं, जसं दावं सुटलेलं जनावर गव्हाणीकडे कलतं. तो चालत गेला आणि सत्यमच्या शेजारी दगडावर बसला. पेला हातभर अंतरावर होता.

“किती घेतली?”

“येकच घोट, दादा. लय थंडी वाजतिया.”

“पेला खाली ठिव.”

“आरं घिऊ दे की त्याला,” आबा म्हणाले. “कापतोय बघ पोरगं. दोन घोटांनी कोन दारुडा हुतो? मी काय त्याचा वैरी हाय?”

“न्हाई आबा. तुमी माझे बी वैरी न्हवता.”

आबांचा हात माळेकडे गेला आणि मण्यांवर थांबला. नंदाबाई मागे उभी होती. तिला वाटलं आता गेणूचा आवाज चढेल, दारूत असताना चढायचा तसा. पण तो खाली मान घालून, दोन्ही हात मांडीत दाबून बोलत होता.

“तुझं म्हननं काय,” आबा अखेर म्हणाले, “मी तुला लावली?”

“मला थंडी वाजत हुती, तुमी पेला दिला. थंडी गेली. दुसऱ्या दिशी परत आली. तवा तुमी न्हवता आबा, पेला हुता. म्हून त्यो घेतला.”

“मंग मी काय करायचं हुतं? हात बांधून हुबं ऱ्हायचं? मड्याला शिवलेल्या मानसाला येकटं टाकायचं?”

“इचारायचं हुतं.”

“काय इचारायचं?”

“खाली काय झालं म्हून.”

“ते कुनी इचारत न्हाई,” आबा म्हणाले, आणि त्यांना ते खरंच कळत नव्हतं. “तसलं तोंडातनं काढू न्हाई. काढलं की ते घरात येतं.”

“ते आलंच की आबा. बारा वर्सं हाय घरात.”

मग गेणूने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी त्या पोरासाठी पहिली बुडी मारली तेव्हा तळाशी काही दिसत नव्हतं, हाताने चाचपत होता. एक हात लागला. त्याने तो ओढला, तर त्या हाताची बोटं त्याच्या मनगटाभोवती आली. धरल्यासारखी. गेणू घाबरला. त्याने झटका देऊन हात सोडवला आणि वर आला. काठावरच्या लोकांना म्हणाला, न्हाई घावलं. अर्ध्या तासाने दुसरी बुडी मारली तेव्हा काढलं. “त्याच्या आयनं माझं पाय धरलं. तुमी देव हाय म्हनली. आनि मी त्याचा हात झटकून आलतो.”

“आरं पन ते पोरगं सकाळचं बुडालेलं,” आबा म्हणाले. “तू गेलास तवा दोन तास झालतं. त्यात जीव कुटला?”

“व्हय. यशोधराताई बी तेच म्हनल्या. पाण्याच्या वढीनं बोटं आली आसतील. माझ्या डोक्याला कळतंय आबा. ह्या हाताला कळत न्हाई.”

नंदाबाई तिथेच गाळावर खाली बसली. बारा वर्षं हा माणूस झोपताना उजवा हात अंगाखाली दाबून झोपत होता आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिने विचारलं होतं ते एवढंच, आज किती प्यालात.

आबांच्या तोंडावरून सगळा रंग उतरला होता. वय एकदम बाहेर आलं. “मला वाटलं, इसरंल,” ते पुटपुटले. “माझ्या बापानं सांगितलं हुतं, दिली की मानूस इसरतो.”

“सांजपातुर इसरतो,” गेणू म्हणाला. “आबा, येक करा. ती पिशवी घिऊन लांब जावा. सत्यमसाठी न्हाई, माझ्यासाठी. मी सारखं तिच्याकडंच बघतोय, तुमाला दिसत न्हाई, पन बघतोय.”

आबा उठले. पिशवी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. पाण्यात टाकवेना, गाळावर ओतवेना. पिशवी हातात घेऊन म्हातारा इकडे तिकडे बघत राहिला. शेवटी ते जीपपाशी गेले आणि हवालदाराच्या हातात पिशवी देऊन काहीतरी म्हणाले. हवालदाराने आत बघून कपाळाला हात लावला. “आवो आबा, माळकरी मानूस तुमी, हे काय चालवलंय,” असं म्हणत त्याने ती जीपच्या सीटखाली ढकलली.

सत्यमच्या हातात पेला अजून तसाच होता. गेणूने तो काढून घेतला नाही. हात पुढे केला तर तो कुणाच्या ओठाकडे जाईल याची त्याला खात्री नव्हती. “नंदे,” तो म्हणाला, “ह्याच्या हातातनं घे तेवढं.” नंदाबाई उठली, तिने दिराच्या हातातून बोटं एकेक सोडवत पेला घेतला आणि ती पाण्याकडे चालत गेली. सत्यमने जाऊ दिला, पण त्याची नजर तिच्या पाठीवरून हलली नाही.

“दादा,” तो म्हणाला, “आज झोप लागंल का?”

“न्हाई.”

“उद्या?”

“उद्या बी न्हाई लागायची कदाचित. मी येतो तुझ्याकडं. मला तरी कुटं लागतिया.”

आबा परत आले होते. ते सत्यमच्या समोर गाळावर बसले, मांडी घालून, पंगतीला बसावं तसे. हात कुठे ठेवायचे तेही त्यांना कळत नव्हतं. एकदा गुडघ्यावर ठेवले, एकदा मांडीत. सत्तर वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस, हजार गोष्टी तोंडपाठ, पण हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता. त्यांनी चादरीकडे बघितलं, मग सत्यमकडे.

“मंग,” ते म्हणाले, आणि खाकरले. “मंग बाळा, खाली… कसं हुतं?”

सत्यमने आधी गेणूकडे पाहिलं. गेणूने मान हलवली.

“दिसत कायबी न्हवतं, आबा,” सत्यम म्हणाला. “पयलं माझ्या हाताला बूट लागला. नाडी सुटलेली. वर आनलं तर ती लोंबत हुती, आनि मी, मला काय सुचलं ठाऊक न्हाई, मी आधी ती नाडी बांधली. समदी वराडत हुती आनि मी नाडी बांधत हुतो. मंग मला त्याचं तोंड दिसलं.”

आबा पुढे सरकले. त्यांना मधेच काहीतरी चांगलं, देवाचं, धीराचं बोलायचं होतं; ओठ हललेसुद्धा.

“आनि?” त्यांनी एवढंच विचारलं.

सत्यम सांगत राहिला.